आठवीच्या वर्गासाठी मोसंबीची फांदी

मॅडम,

गाव तुला मॅडम म्हणायला लागलं ते तू अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलीस तेव्हापासून. मी म्हणायला लागलो ते निव्वळ चिडवायला. पुढे चिडवायचं राहून गेलं आणि हाक तेवढी उरली. म्हणून आताही मॅडमच म्हणतो. शैला म्हणून हाक मारली तर तू हातातलं टाकून धावत येशील आणि विचारशील, काय झालं, कुणाचं बरंवाईट तर नाही ना?

तुझ्या तेराव्याला लोक चांगलं बोलले. प्रेमळ, शांत, सोशिक. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे नक्की कुणाविषयी बोलतायत? जेवताना माझ्या तोंडून 'मुळं पाणी ओढतात' एवढं निघालं की हातातली भाकरी खाली ठेवून वाद घालणारी बाई सोशिक कशी? पण तेराव्याला असं काही बोलता येत नाही. म्हणून इथे लिहितो.

आपल्या भांडणाची सुरुवात लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात झाली. मी तुला मोठ्या ऐटीत बाग दाखवत होतो. एका झाडाच्या बुंध्यावर थाप मारून म्हणालो, "याची मुळं पार बांधापासून पाणी ओढून राह्यलेत." नवी नवरी अशा वेळी कौतुकाने बघते, असं मी ऐकून होतो. तू म्हणालीस, "ओढत न्हाईत. पाणी जातं."

"आपोआप?"

"आपोआप."

"मॅडम, या गावात आपोआप तर नळालासुद्धा पाणी येत न्हाई."

तू हसली नाहीस. खाली बसलीस, काडीने मातीत एक रेघ ओढलीस आणि मला शिकवायला लागलीस. रेघेच्या अलीकडे मातीतलं पाणी, पातळ. पलीकडे मुळाच्या पेशीतला रस, दाट. रेघ म्हणजे पेशीचा पातळ पडदा. तो पाण्याला वाट देतो, रसातल्या साखरेला आणि क्षारांना सहजासहजी देत नाही. मग पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. जावंच लागतं. याला परासरण म्हणतात. मी म्हणालो, म्हणजे मूळ आतल्या आत रस दाट करून पाण्याला बोलावतं, मग ते ओढणंच झालं की. तू म्हणालीस, बोलावणं वेगळं आणि ओढणं वेगळं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आपण दोघं बांधावर होतो. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "नवीन जोडपं हाये, बसतील गुलूगुलू बोलत." तिला काय सांगणार?

आईवरून आठवलं. अंड्याची गोष्ट तेराव्याला कुणीच काढली नाही. तू असतीस तर पहिली तीच काढली असतीस.

आईच्या गळ्यात माळ. घरात अंडं यायची सोय नाही. आणि तुला तर आठवीच्या पोरांना परासरण दाखवायला अंडंच पाहिजे. अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की वरचं कवच विरघळतं आणि आतल्या पापुद्र्यात अंडं जसंच्या तसं राहतं. हे व्हिनेगर आपण अंबडच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणलं होतं. त्याला वाटलं आपण धंदा टाकतोय. मग ती अंडी आपण बागेतल्या मोटारीच्या खोलीत लपवली. दोन बरण्या, एका बरणीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा घट्ट पाक. पाण्यातलं अंडं टम्म फुगलं आणि पाकातलं सुकून सुरकुतलं. तू रोज शाळेतून आलीस की साडीचा पदर खोचून तिकडे पळायचीस. गावाला वाटायचं, मॅडमला शेतीची काय आवड!

आणि एक दिवस आई मोटारीच्या खोलीत गेली.

तिने काय पाहिलं असेल याचा विचार कर. अंधारी खोली, कोपऱ्यात काचेच्या दोन बरण्या, एकीत बिनकवचाचं फुगलेलं अंडं, दुसरीत वाळलेलं, आणि बाजूला कुणीतरी कापून ठेवलेली मोसंबी. ती मोसंबी मीच खाता खाता अर्धी ठेवून गेलो होतो. आई तिथूनच ओरडत निघाली, "बागंवर करणी केली रे कुणीतरी! आता एक बी फळ हाती लागायचं न्हाई!" चार बाया जमल्या. कुणी म्हणे खोलीला बाहेरून कडी घाला, कुणी म्हणे अंबडहून जाणता माणूस आणा. मी बांधावर उभा राहून तोंडावर रुमाल धरला होता. लोकांना वाटलं, मी रडतोय.

तू आलीस, सगळ्यांच्या समोर बरणीत हात घातलास आणि ते फुगलेलं अंडं तळहातावर घेऊन बाहेर आलीस. बाया दोन पावलं मागं सरल्या. तू म्हणालीस, "आई, करणी न्हाई. धडा हाये." आणि तिथे, खोलीसमोरच्या आंब्याखाली, माझ्या माळकरी आईला तू परासरण शिकवलंस. अंड्याचा पापुद्रा म्हणजे पडदा. बाहेर पातळ, आत दाट, म्हणून पाणी आत शिरलं आणि अंडं फुगलं. पाकात उलटं झालं. बाहेरच जास्त दाट, म्हणून आतलं पाणी बाहेर गेलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साखरंत ठिवलेलं वाळलं? पण गोड खाऊन तर माणूस फुगतंय."

तू अंडं एका तळहातावरून दुसऱ्यावर घेतलंस. मग आईने अंड्याकडे बोट करून विचारलं, "आता हे असंच फुगत बसतंय का?" तू म्हणालीस, "न्हाई आई. जाणं-येणं सारखं झालं की अंडं तेवढंच राहतं. फुगत न्हाई, वाळत न्हाई. आपल्याला वाटतं, थांबलं. पण पाणी आतून बाहेर, बाहेरून आत, जातच राहतं. फक्त दिसत न्हाई."

"मंग थांबलं कुठं?" आई म्हणाली.

"तेच तर," तू म्हणालीस.

त्यानंतर आईने अंड्याला हात कधी लावला नाही, पण मोटारीच्या खोलीला कुलूपही लावू दिलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, आमच्या सुनेचा धडा हाये तिथं. तिचा एवढा अभिमान मी कधी कमावला नाही.

दत्तालाही तू असंच शिकवलं होतंस. माझा चुलतभाऊ, बांधाला बांध. एका साली त्याने मोसंबी लवकर पोसावी म्हणून ठिबकच्या टाकीत खत दुप्पट टाकलं आणि झाडांच्या पानांच्या कडा करपल्या. दारात येऊन म्हणाला, "वहिनी, रोज पाणी देऊन राह्यलो, तरी झाडं तहानेनं काहून चाललीत?" तू म्हणालीस, "दत्ता भाऊजी, तुमची माती मुळापेक्षा खारट झाली. आता पाणी झाडातून मातीत निघून राह्यलं." दत्ता कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे माझंच वावर माझ्याच झाडाला पिऊन राह्यलं?" तू त्याला साधं पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढायला सांगितलंस. झाडं वाचली. आणि दत्ता गावभर सांगत सुटला की वावराला तहान लागली होती, वहिनीनं ओळखलं. शिकवणाऱ्याच्या नशिबी हे असतंच.

आता कामाचं बोलतो.

दर माघात मोसंबी फुलली की मी एक फांदी कापायचो, ओल्या फडक्यात गुंडाळून मोटारसायकलवरून तुझ्या शाळेच्या फाटकापर्यंत आणून द्यायचो. पुस्तकात पेशीचा धडा आधीच होऊन जायचा, पण त्यातला विसरणाचा, म्हणजे वास-वायू आपोआप पसरण्याचा, तुकडा तू या फांदीसाठी राखून ठेवायचीस. खिडक्या बंद, पंखे बंद. फांदी टेबलावर. ज्याला वास आला त्याने हात वर करायचा. आधी पहिल्या बाकाचे हात वर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे वास कसा पसरत जातो, हे पोरांना हातांच्या रांगेत दिसायचं. मग तू सांगायचीस, प्राणवायू पेशीत असाच शिरतो आणि नको असलेला वायू असाच बाहेर पडतो, कुणी ढकलावं लागत नाही. संध्याकाळी घरी येऊन तू मला हे सगळं हातवारे करून दाखवायचीस. म्हणायचीस, "एकदा आत येऊन बसा ना मागच्या बाकावर." मी म्हणायचो, पुढच्या साली. मला आठवीच्या पोरांसमोर बसायची लाज वाटायची. दहावीला विज्ञानात मी कसाबसा काठावर निघालो होतो, हे तुला माहीत होतं आणि तू ते त्यांना सांगितलं असतंस.

या हिवाळ्यात नेहमीसारखं मी बागेचं पाणी तोडलं आणि झाडं ताणावर सोडली. थंडीत झाड कोरडं ठेवायचं, थोडी पानं गळू द्यायची आणि मग बेताने पाणी द्यायचं, म्हणजे ते फुलावर येतं. हे तुला सांगायला नको, पण दुसरं कुणी वाचत असेल तर त्याला कळावं. पाणी तोडलं आणि तू आजारी पडलीस. मग संभाजीनगरचा दवाखाना. बाग माझ्या डोक्यातून पार गेली.

दवाखान्यात तू थकली होतीस, पण शिकवायची काही थांबली नाहीस. नर्स सलाइनची बाटली लावायला आली तर तू तिला विचारलंस, "साधं पाणी का न्हाई लावत?" ती म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी हेच लिहिलंय." तू म्हणालीस, "साधं पाणी गेलं तर रक्तातल्या पेशी पाणी पिऊन फुगतील आणि फुटतील. म्हणून यात मीठ रक्ताच्या बरोबरीचं असतं. समपरासारी." ती पोरगी सुई हातात धरून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी येताना तिने तिच्या मैत्रिणीला सोबत आणलं होतं.

त्याच दिवशी दुपारी तू मला म्हणालीस, "आठवीचं विसरण राहिलंय. यंदा माझं काही खरं न्हाई. फांदी तेवढी पोचवा. पोरांना कबूल केलंय." मी म्हणालो, तूच नेशील. तू म्हणालीस, "पोचवा." मग डोळे मिटून पडलीस. मला वाटलं झोप लागली. तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणालीस, "तुमचं अर्धं बराबर होतं."

"काय बराबर होतं?"

"मुळाचं. मातीतले क्षार मुळाला ओढावेच लागतात. त्याला ताकद लागते. ते आत आले की पाणी आपोआप मागनं येतं. ओढणं तुमचं, आपोआप माझं."

मी उठून बसलो. म्हटलं, हे तुला कधीपासून माहीत होतं? तू म्हणालीस, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून. म्हणजे लग्नाच्या आधीपासून! मी म्हणालो, "मंग इतकी वर्षं सांगितलं काहून न्हाई?"

तू डोळे उघडलेस. म्हणालीस, "भांडण मिटलं असतं."

मॅडम, याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या वेळी हसलोच फक्त, आणि तूही हसलीस. खूप काही बोलायचं होतं. म्हणायचं होतं की तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून मीही कित्येकदा मुद्दाम ते वाक्य जेवताना काढलेलं आहे. ते राहिलं. आता सांगितलं.

तेरावा झाल्यावर आपली पोरगी म्हणाली, "बाबा, पुण्याला चला, इथं एकटे काय करणार?" मी म्हणालो, एक काम राहिलंय. ती गेली आणि मी पहिल्यांदा बागेत गेलो. ताण केव्हाच जास्त झाला होता. झाडांखाली पानांचा सडा, वर राहिली होती ती पानं लोंबून गुंडाळलेली. दत्ता आला आणि म्हणाला, "दादा, झाडं मरून राह्यलेत. मोटार चालू कर, मोकळं पाणी सोड. यंदा बहार जाऊ दे, झाडं तरी वाचव." तो मायेने बोलत होता. पण मोकळं पाणी सोडलं तर झाड नुसती पालवी फेकणार आणि फूल येणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. फूल नाही तर फांदी नाही. आणि हलकं पाणी द्यावं, तर झाडात तेवढा तरी जीव उरलाय की नाही?

तू एकदा सांगितलं होतंस, दुपारी पान लोंबलं तर घाबरू नका, सकाळी बघा. रात्री ऊन नसतं, पानातून पाणी जात नाही, आणि मुळाकडून जे थोडं येतं ते पेशीत भरतं. सकाळी पान ताठ झालं असेल तर मूळ जिवंत आहे. मी दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. पहिल्या झाडाचं पान हातात घेतलं. मऊ. दुसऱ्याचं मऊ. मोटारीच्या खोलीजवळचं झाड, जिथे तू अंडी लपवायचीस, त्याचं पान मी बोटांत धरलं आणि वाकवलं. ते पुन्हा सरळ झालं. मग पुढच्या ओळीतलं पाहिलं, तेही. सगळी नव्हती, पण बरीचशी ताठ होती. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. दवाखान्यातही इतका रडलो नव्हतो.

मग आंबवणीचं पाणी दिलं. ताणानंतरचं हे पहिलं पाणी, अगदी हलकं, नुसती माती ओलावेल एवढं. आपल्या घरात ठिबकचा कॉक या दिवशी तू फिरवायचीस, कारण माझा हात सैल. तू म्हणायचीस, "तुमच्या हाती कॉक दिला की झाडांची आंघोळच. उपाशी माणसाला कुणी एकदम पंगतीत बसवतं का?" कॉक उघडणं सोपं होतं. बंद करणं जड गेलं. तहानलेली झाडं समोर, पाणी हातात आणि थांबायचं. दत्ता बघत होता. म्हणाला, "एवढंच?" मी म्हणालो, "मॅडमचा हिशेब हाये." आणि बंद केला.

पुढचं पाणी थोडं जास्त, त्याच्या पुढचं मोकळं. काही झाडांच्या शेंड्याच्या काड्या वाळल्या, त्या छाटल्या. बाकीची झाडं उभीच्या उभी, आज ना उद्या म्हणत. मी रोज डोळ्यात तेल घालून बघत होतो. आणि एका सकाळी मोटारीच्या खोलीजवळच्या झाडावर पांढरे ठिपके दिसले. दरसालइतका भरगच्च बहार नाही, मॅडम. पण आहे. उरलेल्या झाडांवरही हळूहळू आला. आता घराच्या ओट्यापर्यंत वास येतो.

काल फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मोटारसायकलला बांधली. फाटकात शिपाई नेहमीसारखा हात पुढे करून उभा राहिला. मी म्हणालो, यंदा आत येतो. तुझ्या जागी एक तरुण मॅडम आल्यात. त्यांनी मला काही विचारलं नाही. पोरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, फांदी येणार म्हणून. पोरांनीच उठून खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. मी मागच्या बाकावर बसलो. बाक फार लहान असतात गं, गुडघे मावत नाहीत.

फांदी टेबलावर ठेवली. पहिल्या बाकावरचा एक हात वर गेला. मग शेजारचा. मग दुसरी ओळ. तिसरी. तू घरी हातवारे करून दाखवायचीस ते अगदी बराबर होतं, रांगेने हात उगवत येतात. माझ्या पुढच्या बाकाचे हात वर गेले. माझ्याच बाकावर कडेला एक मुलगी बसली होती, तिचाही गेला. साऱ्या वर्गात माझा एकट्याचा हात खाली.

मला वास येईना. मी श्वास ओढून बघितला, काही नाही. मग लक्षात आलं. पंधरा दिवस मी त्या फुलांतच हिंडतोय. वास माझ्या सदऱ्याला आहे, केसांना आहे, छातीत भरलाय.

त्या मुलीने माझ्याकडे वळून बघितलं. हळूच विचारलं, "काका, तुम्हाला आला न्हाई?"

मी म्हणालो, "माझ्या आत-बाहेर सारखाच झालाय, बाळा. म्हणून कळत न्हाई."

तिने जरा विचार केला. तुझीच विद्यार्थिनी ती, अर्ध्यावर कशी सोडेल? म्हणाली, "म्हणजे आता थांबलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "थांबतंय कुठं."

मॅडम, एवढं एकच उत्तर मला येत होतं. नेमकं तेच विचारलं.